आमच्या शांतिसैनिकांचे आवाज आधी टिपून घ्या

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, मुंबई

महोदय,



पत्रावर यवतमाळचा पत्ता पाहून ते शेतकरी आत्महत्यांबद्दल असणार असं तुम्हाला वाटलं, तर त्यात तुमची चूक नाही. गेली वीस-पंचवीस वर्षं आमच्या जिल्ह्यात कॅमेरा आला तो त्याच कामाला. घरच्या बाईला ओट्यावर बसवायचं, हातात नवऱ्याचा हार घातलेला फोटो द्यायचा, मागे पऱ्हाट्यांचा ढीग दिसेल असं बघायचं. दुःख खरं होतं आणि आजही आहे. पण एकाच चौकटीत ते इतक्यांदा दाखवलं गेलं की पाहणाऱ्यांची नजर बोथट झाली, आणि त्या बायकाही पुढचा प्रश्न ओळखून पाठ झालेलं उत्तर देऊ लागल्या. कॅमेऱ्यामुळे दुःख जगाला दिसतं, तसं ते कॅमेऱ्यापुढे झिजतंही. हे आम्ही इथे डोळ्यांनी पाहिलंय.

मी लिहितोय ते ज्यांच्या दारात कॅमेरा कधी आलाच नाही अशा माणसांबद्दल. शांतिसेनेतून श्रीलंकेत गेलेले आमच्या भागातले जवान. त्यांच्यावर तुम्ही अ‍ॅनिमेशनमधला माहितीपट करावा आणि त्याची सुरुवात त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करण्यापासून, ताबडतोब करावी, ही मागणी करण्यासाठी हे पत्र आहे.

थोडा इतिहास सांगतो. तुम्हाला तो ठाऊक असेल, पण हे पत्र खुलं आहे आणि आमच्याच गावातल्या पंचविशीच्या मुलांना तो ठाऊक नाही. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. तमिळ बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवायची, श्रीलंकेच्या फौजेने बराकीत परतायचं आणि मध्ये भारतीय सैन्याने, म्हणजे शांतिसेनेने, उभं राहायचं, असं ठरलं. जाफनात उतरलेल्या आपल्या जवानांच्या गळ्यात सुरुवातीला हार पडले. सप्टेंबरात तिथल्याच नल्लूरच्या मंदिरापाशी थिलीपन नावाचा तमिळ वाघांचा (लिट्टे या बंडखोर संघटनेचा) तरुण नेता भारताकडे मागण्या करत उपोषणाला बसला, पाण्याचा थेंब न घेता बसला, आणि २६ तारखेला मेला. गांधींच्या देशाविरुद्ध गांधींचंच शस्त्र वापरलं गेलं होतं. त्यानंतर दोन आठवड्यांत ‘ऑपरेशन पवन’ सुरू झालं. ज्या तमिळ लोकांच्या रक्षणाला म्हणून गेलो त्यांच्याच वस्तीत शिरून लढायची वेळ जवानांवर आली. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरने उतरवलेली शीख लाइट इन्फंट्रीची तुकडी जवळजवळ सगळी कापली गेली. हे प्रकरण जवळपास अडीच वर्षं चाललं. शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली ती २४ मार्च १९९० रोजी. अकराशेहून अधिक भारतीय जवान तिथे मेले. परतलेल्यांच्या स्वागताला मद्रास बंदरावर राज्याचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. तमिळ रक्त सांडून आलेल्या फौजेचं स्वागत करणं त्यांना शक्य वाटलं नाही. पुढच्याच वर्षी, २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली आणि लंका म्हटलं की देशाला तेवढंच आठवू लागलं. जवानांचा विषय तिथेच संपला.

या युद्धात महार रेजिमेंट होती, मराठा लाइट इन्फंट्री होती. या मोहिमेतलं एकमेव परमवीर चक्र मिळालं ते ८ महार बटालियनच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना. जन्म मुंबईचा. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारलं आणि मग प्राण सोडला. त्यांचं नाव निदान पाठ्यपुस्तकाच्या कडेला तरी येतं. त्यांच्यासोबत त्या रात्री चालणारे, त्यांना उचलून आणणारे, आणि नंतर सुट्टी घेऊन गावी येणारे जे होते, त्यांचं पुढे काय झालं हे कुणी विचारलं नाही.

आमच्याकडे ते असे यायचे. मद्रासहून गाडीने वर्ध्याकडे उतरायचं, तिथून एसटीने यवतमाळ, मग दारव्हा, दिग्रस, आर्णी, घाटंजी, जिकडे गाव असेल तिकडे. हातात काळी पेटी आणि खांद्यावर एखादा टू-इन-वन. गावाला त्या दोन-अडीच वर्षांची आठवण उरली ती त्या टू-इन-वनची. कुणाच्या लग्नात तो वाजला, कुणी तो मागून नेला आणि बिघडवला, हे लोक आजही सांगतात. लंकेत काय झालं हे कुणी विचारलं नाही, आणि कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असायचं: “होतो ना तिकडं. मंग?”

मी शिक्षक होतो. निवृत्तीनंतर यांच्यातल्या काहींजवळ बसू लागलो. त्यांची नावं-गावं मी लिहिणार नाही, तसा शब्द दिलाय. एक जण लष्करी गाडीवर चालक होता. आमच्याकडच्या रस्त्यांवर जिथे जिथे मोरी येते तिथे तो अजूनही मोटरसायकल थांबवतो, उतरतो, गाडी हाताने ढकलत पलीकडे नेतो आणि मग बसतो. जाफनाच्या रस्त्यांवर मोऱ्यांखालीच सुरुंग पुरलेले असायचे. घरच्यांना वाटायचं, म्हाताऱ्याची सवय आहे. त्याने स्वतःहून कुणाला कारण सांगितलेलं नव्हतं, आणि मला सांगितलं तेही दुसरंच काहीतरी बोलताना, पिकाच्या गोष्टीच्या मध्ये. दुसरा एक जण मला आधी म्हणाला, मी तिकडे एकही गोळी झाडली नाही. महिन्याभराने तोच म्हणाला, किती झाडल्या त्याचा हिशेब नाही. या दोनपैकी खरं काय, असं मी त्याला विचारलं नाही. दोन्ही वेळा तो खोटं बोलत होता असं मला वाटलं नाही. “कायले उकरतं बापू आता थे?” असं मात्र तो दोन्ही वेळा म्हणाला.

आता याच्यापुढे कॅमेरा लावून पहा. तो उठून बैलाला पाणी दाखवायला जाईल. आणि बसला तरी तो जे सांगेल त्याचं चित्र तुम्ही कुठून आणणार? त्या अरुंद गल्ल्या, ताडाच्या झावळ्यांची कुंपणं, रात्रीचा पाऊस, हाती पुरेसे नकाशे नसताना केलेली चाल, हे कुणी चित्रित केलं असेल तरी ते त्याच्या डोळ्यांतून केलेलं नाही. त्याला जे दिसलं ते फक्त त्याच्यापाशी आहे. ते कागदावर काढूनच दाखवावं लागेल.

हे करता येतं, आणि उत्तम करता येतं, हे मला ‘वॉल्ट्झ विथ बशीर’ पाहून कळलं. इस्रायलचे दिग्दर्शक आरी फोलमन यांनी हा चित्रपट २००८ साली केला. १९८२ च्या लेबनॉन युद्धात ते स्वतः कोवळ्या वयाचे सैनिक होते. त्या सप्टेंबरात बैरूतच्या साब्रा आणि शातिला या निर्वासित वस्त्यांमध्ये लेबनॉनच्या ख्रिस्ती सशस्त्र गटाने पॅलेस्टिनी माणसं मारली, बायका-मुलं मारली, आणि बाहेर वेढा होता इस्रायली सैन्याचा. फोलमन त्या शहरात होते, पण वीस-बावीस वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की त्या दिवसांचं आपल्याला काहीच आठवत नाही. म्हणून ते जुन्या सोबत्यांकडे एकेक करून गेले. चित्रपट म्हणजे ती विचारपूस. आधी मुलाखती घेतल्या, त्या चित्रित केल्या, आणि मग सगळं नव्याने रेखाटलं. मोजक्या अ‍ॅनिमेटरांना चार वर्षं लागली. एक सोबती त्यात सांगतो की त्याला दर रात्री २६ कुत्री स्वप्नात दिसतात, कारण गावात शिरताना भुंकून सावध करणारी कुत्री मारायचं काम त्याच्याकडे होतं आणि त्याने नेमकी तेवढीच मारली होती. त्याला माणसावर गोळी झाडता येणार नाही हे वरिष्ठांना ठाऊक होतं, म्हणून त्याला कुत्री दिली. ती कुत्री पिवळ्या आभाळाखाली रस्त्यावरून धावत येतात तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की आमचा तो चालक मोरीपाशी काय पाहत असेल.

स्मृतीबद्दलही तो चित्रपट प्रामाणिक आहे. माणसाला लहानपणीचा खोटा फोटो दाखवला, तो कधीच न गेलेल्या जत्रेतला, तर काही दिवसांनी त्याला ती जत्रा ‘आठवू’ लागते, असा एक प्रयोग त्यात सांगितलाय. म्हणजे आठवण खोटी असू शकते हे मान्य करून तो पुढे जातो. माझ्या त्या माणसाची ‘एकही नाही’ आणि ‘हिशेब नाही’ ही दोन्ही वाक्यं अशा चित्रपटात शेजारी-शेजारी राहू शकतात. वर्तमानपत्राच्या बातमीत ती राहू शकत नाहीत, चौकशीच्या अहवालात तर नाहीच नाही.

आणखी एक गोष्ट अ‍ॅनिमेशनमुळे साधते, ती म्हणजे आडोसा. २०२१ च्या ‘फ्ली’ या डॅनिश चित्रपटात एक अफगाण निर्वासित आपली कहाणी स्वतःच्या आवाजात सांगतो, पण त्याचा चेहरा चित्रातला आहे आणि नाव बदललेलं आहे. आमच्या माणसांना पेन्शन आहे, नातवंडं आहेत, गावात मान आहे. चेहरा न दाखवता बोलता आलं तर ते बोलतील. मला याची खात्री आहे, कारण खिडकीकडे तोंड करून बसलेला माणूस माझ्याशी बोललेला आहे.

हे परदेशातच होतं असं म्हणू नका. नीना सबनानी यांनी २००९ साली ‘टांको बोले छे’ केला. १९७१ च्या युद्धानंतर सिंधमधून कच्छला आलेल्या भरतकाम करणाऱ्या बायकांची ती गोष्ट, त्यांच्याच आवाजात, त्यांनीच शिवलेल्या कापडाच्या चित्रांतून. अवघ्या काही मिनिटांचा माहितीपट आहे, पण सीमा ओलांडणं म्हणजे काय ते त्यात कळतं. आणि तुमच्या संस्थेला तर कुणाकडून शिकायचीही गरज नाही. आता तुमच्याकडे असलेली फिल्म्स डिव्हिजन १९४८ ची. तिथे १९५६ मध्ये कार्टून विभाग निघाला, डिस्नेचे क्लेअर वीक्स येऊन त्यांनी आपल्या चित्रकारांना शिकवलं, १९५७ मध्ये ‘द बनियन डिअर’ ही जातककथा पडद्यावर आली, राम मोहन आणि जी. के. गोखले यांच्यासारखी माणसं तिथे घडली. माहितीपट आणि अ‍ॅनिमेशन या दोन गोष्टी एकाच छताखाली असलेली अशी सरकारी जागा दुसरी नव्हती. मुंबईचा तुमचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून या दोन्ही प्रकारांना एकत्र मान देतो. २०२२ पासून फिल्म्स डिव्हिजन आणि पुण्याचं चित्रपट संग्रहालय दोन्ही तुमच्याकडे आलेत. चित्रकार, माहितीपटवाले आणि जुन्या फिती जपणारे एकाच महामंडळात आहेत. तरी इतक्या वर्षांत या दोन विद्यांची गाठ युद्धाच्या आठवणीवर घालून पाहावी असं वाटू नये, याचं मला वाईट वाटतं.

खासगी निर्माता हे करणार नाही. हिंदीत २०१३ साली ‘मद्रास कॅफे’ आला, चांगला होता, पण तो गुप्तहेरांचा आणि हत्येच्या कटाचा होता. पलटणीतला जवान त्यात पाठीमागे धावताना दिसतो तेवढाच. शिवाय सैन्यावर चित्रपट काढायचा तर संरक्षण मंत्रालयाची परवानगी हवी, असं २०२० मध्ये सांगितलं गेलं. त्या दारापर्यंत एकटा दिग्दर्शक जाऊ शकत नाही. सरकारी महामंडळ जाऊ शकतं. म्हणून हे पत्र कुठल्या स्टुडिओला न लिहिता तुम्हाला लिहितोय.

एक वेगळीच गोष्ट इथे नोंदवतो, कारण बाहेरच्या लेखकाला ती सुचणार नाही. महार रेजिमेंट आज सर्व जातींची आहे, तरी विदर्भातल्या तिच्या जवानांत अनेक जण बौद्ध घरांतले. १९५६ नंतर आमच्याकडच्या बौद्ध वस्त्यांत श्रीलंकेचं नाव आदराने घेतलं जायचं. १९५० साली बाबासाहेब सिलोनला जागतिक बौद्ध परिषदेसाठी जाऊन आले होते, ते घरोघरी ठाऊक होतं. अशा घरातला विशीचा मुलगा रायफल घेऊन त्या बेटावर उतरतो. जाफनाजवळच्या नैनातीवू बेटावर नागदीप विहार आहे, तथागत तिथे येऊन दोन भांडणाऱ्या राजांमध्ये समेट करून गेले असं मानतात. आणि हा मुलगा तिथून काही मैलांवर, दोन भांडणाऱ्यांच्या मध्ये, हातात शस्त्र घेऊन उभा. यातल्या एका माणसाने मला सांगितलं की पहाऱ्यावर असताना तो मनात त्रिशरण म्हणायचा, आणि सकाळी झडतीला गेलं की घरातल्या म्हाताऱ्या बायका त्याच्याकडे जसं बघायच्या ते पाहून रात्री म्हणावंसं वाटायचं नाही. असा प्रसंग चित्रातच दाखवता येईल, आणि तो दाखवायला आमच्या भागातला चित्रकार लागेल.

आता अवघड भाग. या माहितीपटात जाफनाच्या माणसांचा आवाज नसेल तर तो करू नका.

‘वॉल्ट्झ विथ बशीर’वर माझी एकच तक्रार आहे आणि ती अनेकांनी केलेली आहे. चित्रपट शेवटी अचानक चित्रं सोडतो आणि कत्तलीनंतरची खरी फीत दाखवतो. बायका आक्रोश करत येतात. ते अंगावर येतं. पण त्याआधी दीड तास जे बोलतात ते सगळे इस्रायली आहेत. मेलेल्यांच्या बाजूचं कुणी बोलत नाही, त्यांनी फक्त रडायचं. आपण तसं करता कामा नये. २१ आणि २२ ऑक्टोबर १९८७ ला, दिवाळीत, जाफनाच्या सरकारी रुग्णालयात भारतीय जवान शिरले, आणि डॉक्टर, परिचारिका, खाटेवरचे रुग्ण असे साठहून अधिक लोक मेले असं तिथले लोक सांगतात. आतून वाघांनी गोळीबार केला, असं आपल्या बाजूने सांगितलं गेलं. ऑगस्ट १९८९ मध्ये वल्वेट्टितुराई गावात भारतीय जवानांच्या हातून गावकरी मेले, त्याबद्दलही असंच दोन तऱ्हेने सांगितलं जातं. जाफना विद्यापीठात शिकवणाऱ्या डॉ. राजनी तिराणगमा यांनी सहकाऱ्यांसोबत या सगळ्याची नोंद केली, ‘द ब्रोकन पामायरा’ या पुस्तकात; भारतीय सैन्याचे अत्याचार लिहिले तसे वाघांचेही लिहिले. २१ सप्टेंबर १९८९ रोजी सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. सगळ्यांचं लिहिणाऱ्या बाईला कुणीच जगू दिलं नाही.

याने सैन्याची बदनामी होईल, असं तुम्हाला वरून सांगितलं जाईल. माझं उत्तर असं आहे की हे ओझं आज सैन्य वाहत नाही, आमच्या गावातले साठी-सत्तरीचे लोक एकटे वाहतायत. ज्याने वाईट पाहिलं किंवा केलं, त्याला ते बोलायला जागा न देणं हा त्याचा सन्मान नव्हे. फोलमनच्या देशाने त्या कत्तलीनंतर काही महिन्यांत चौकशी आयोग नेमून अहवाल जाहीर केला होता, आणि तरीही सैनिकाच्या मनातलं उरलेलं बाहेर यायला पंचवीस वर्षं आणि एक चित्रपट लागला. आपल्याकडे तर शांतिसेनेबाबत तसा आयोगही नाही. मला कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. आणि मला वीरगाथाही नको आहे. परमेश्वरन यांचं शौर्य खरं आहे, ते चित्रपटात असावं, पण सगळा चित्रपट शौर्याचा केला तर तो चालक पुन्हा मोरीपाशी एकटाच उतरेल.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात या जवानांची नावं आहेत. कोलंबोत आणि जाफनाजवळ पलालीला त्यांची स्मारकं आहेत. पण दगडावर नाव येतं ते मेलेल्याचं. परत आलेल्याचं काही कुठे लिहिलेलं नाही.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. माहितीपट केव्हा व्हायचा तेव्हा होवो, चार वर्षं लागोत. पैसा, परवानग्या, जाफनाला जाणारा तमिळ जाणणारा सहदिग्दर्शक, हे सगळं तुम्ही नंतर जमवा. आवाज मात्र आत्ता टिपा. विशीत गेलेले साठीत आलेत, तिशी-पस्तिशीत गेलेले सुभेदार-हवालदार सत्तरी ओलांडून गेले. त्यांना वऱ्हाडीतच बोलू द्या, प्रमाण मराठीत किंवा हिंदीत आणायचा प्रयत्न करू नका. पलटणीची हिंदी त्यांना येते, पण त्या हिंदीत ते फक्त ‘जी साब’ म्हणतात. विचारणारा फार न विचारणारा असावा. एका बैठकीत काही मिळणार नाही. पीक, पाणी, नातवाची परीक्षा यांच्या मधूनमधून जे येईल तेच खरं असेल. आणि बायकांचेही आवाज घ्या. नवरा रात्री काय बडबडतो हे त्यांच्याइतकं कुणी ऐकलेलं नाही.

माणसं शोधणं कठीण नाही. यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांची नोंद असते. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला हे सगळे वेचणीची कामं टाकून तालुक्याला, जिल्ह्याला येतातच. येत्या नोव्हेंबरात ध्वनिमुद्रण करणारा एक माणूस आणि आमची बोली समजणारा एक चित्रकार पाठवा. कॅमेरा आणू नका. बसायला जागा, राहणं, जेवण, गावोगावी न्यायला गाडी, आणि माणसांशी आधी बोलून ठेवणं, ही जबाबदारी दारव्हा-दिग्रसचे आम्ही काही लोक घेतो. तारीख कळवलीत की तयारीला लागू.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
दारव्हा, जि. यवतमाळ